चौथं पोट

मी खिडकीवाली गाय बोलतेय. भरभर बोलणार आहे, कारण वेळ थोडा आहे. गोठ्याच्या दाराबाहेर तिघं उभे आहेत. गुरांचा डॉक्टर, गोठ्याचा मुकादम डेल आणि माझी गिरिजा. हळू आवाजात बोलतायत. एरवी गाईसमोर कुणी आवाज खाली करत नाही. केला, की आपण काय ते समजून घ्यावं.

माझं चौथं पोट थांबलंय. ते हललं तर मी जगते, नाही हललं तर नाही. एवढीच गोष्ट आहे. पण ती इथवर कशी आली ते मीच सांगणार. मी मेल्यावर माझ्यावर इंग्रजीत काहीतरी लिहितील, आणि त्यात माझी बाजू नसेल.

गाईला चार पोटं असतात. पहिलं हौदाएवढं, गिळलेला चारा तिथं आंबत पडतो. दुसरं-तिसरं आपली मधली दलाल. चौथं मात्र खरं पोट, अगदी तुमच्यासारखं, आंबट पाणी सुटणारं, खाल्लेलं जिरवणारं. त्यानं आवळून-आवळून माल पुढं रेटायचा असतो. ते सैल पडलं, की सगळं तिथंच साचतं, वायू धरतो आणि पोट फुग्यासारखं वर चढतं.

माझा जन्म इथलाच, शिकागोच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या गोठ्यात. आईनं मला चाटायला घेतलं तेवढ्यात मला उचलून नेलं. बाहेर बर्फ, आणि मी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खोपटात एकटी. शिंगं फुटायच्या आत जाळली. कानात पिवळा बिल्ला ठोकला. माझं बारसं म्हणायचं तर ते तेवढंच.

पहिल्यांदा व्याल्यावर माझ्या डाव्या कुशीला भोक पाडलं. भूल देऊन पाडलं, खोटं कशाला बोलू? भोकाला रबराची कडी आणि वर झाकण. झाकण काढलं की आतलं पहिलं पोट दिसतं. विद्यार्थी येतात, खांद्यापर्यंत हातमोजा चढवतात आणि हात आत घालतात. दुखत नाही. पण आपण मुरघास, म्हणजे आंबवलेला चारा, खातोय आणि आपल्या पोटात परक्याचा हात फिरतोय, हे काही जगातल्या कुठल्या बाईनं सोसावं असं नाही.

माणसांचं एक मला कधी कळलं नाही. हात बाहेर काढला की सगळे आधी त्याचा वास घेतात. घाण येणार हे ठाऊक असतं, तरी घेतात. मग तोंड वाकडं करतात. मग फोटो काढतात.

आणि दुसरं असं, की खिडकी आहे म्हणून त्यांना वाटतं आपल्याला गाईच्या पोटातलं सगळं दिसतं. खिडकी डावीकडं. चौथं पोट उजवीकडं, आत, कुणाच्या नजरेला न पडणारं. जे दिसत नाही तिकडं दुखणं बसलं, तर बसू दे बापडं!

गिरिजा आली तेव्हा मी दोनदा व्यालेली होते. ती मिरजेची. तिकडं गुरांची डॉक्टर झाली, इकडं पीएचडी करायला आली. डेल मला बिल्ल्याच्या नंबरानं हाक मारतो. गिरिजानं पहिल्याच आठवड्यात मला 'मावशी' म्हणायला सुरुवात केली. तिची खरी मावशी म्हणे अशीच होती, शिंगं नसलेली पण मारकी. मला नाव आवडलं. तिच्यामुळंच मी मराठी शिकले. इथल्या थंडीत ती दिवसभर इंग्रजी बोलायची आणि माझ्यापाशी येऊन मराठीत रडायची.

तिचा सगळा अभ्यास माझ्या चौथ्या पोटाचा. उजव्या कुशीला नळी लावून ऐकत बसायची आणि मला समजवायची.

"मावशी, ऐक. स्नायू आपोआप आवळत नाही. पेशीत निरोप जावा लागतो. निरोप्या म्हणजे कॅल्शियम. तो आत आला की एक एन्झाइम जागं होतं आणि स्नायूच्या धाग्याला फॉस्फेटचा टिळा लावतं. टिळा लागला की धागा ओढ घेतो. मग दुसरं एन्झाइम येतं, टिळा पुसतं, धागा सैल. लावायचं, पुसायचं, लावायचं, पुसायचं. त्याच्यावर तुझं पोट चालतं, बयो."

"आणि तू कशाच्या मागं आहेस?" असं मी डोळ्यांनी विचारलं.

"एक तिसरं एन्झाइम आहे. ते पुसणाऱ्याचा हात धरून ठेवतं, म्हणजे पोट जरा जास्त वेळ आवळलेलं राहतं. मी त्याच्या मागं आहे."

शाळा मला ठाऊक नाही, पण एवढं समजलं. एका घरात तीन जावा. एक टिळा लावणारी, एक पुसणारी, आणि एक पुसणारीचं मनगट धरून बसलेली. यातली पहिली भारी आळशी. कॅल्शियमनं दार वाजवल्याशिवाय उठायची नाही. दार वाजलंच नाही तर दुसरी नुसती पुसत राहते, आणि पोट सैल ते सैलच.

आता बघा. गाय व्याली की कॅल्शियम जातं कुठं? कासेत. पहिला दाट चीक येतो ना, त्यात माझ्या अंगातलं सगळं कॅल्शियम उतरतं. हाडातलं, रक्तातलं, पोटातलं. कासेला सगळं हवं असतं, ती काही मागं ठेवत नाही. मग चौथ्या पोटाच्या दारावर कुणी जात नाही.

गिरिजाच्या अभ्यासात अर्ध्या गाईंना व्याल्याबरोबर कॅल्शियम पाजायचं आणि अर्ध्यांना नाही, मग दोन्हीकडची पोटं ऐकायची, असं ठरलं होतं. कुणी कुठं जायचं ते कॉम्प्युटरनं ठरवलं. मी 'नाही'वाल्यांत. गिरिजाचं तोंड त्या दिवशी उतरलं होतं. पण मला म्हणाली, "तू दणकट आहेस, मावशी. तुला काही होत नाही."

दणकट बाईला काही होत नाही, असं सगळेच म्हणतात. जपायला नको ना मग!

यंदा मी व्याले ती नेमकी दिवाळीच्या तोंडावर. कालवड झाली. चाटली, आणि नेली. नेहमीसारखीच.

त्याच आठवड्यात शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या रत्नाकाकूंचा गिरिजाला फोन आला. काकू म्हणजे तिथल्या मराठी मंडळाच्या सर्वेसर्वा. त्यांचे यजमान जगन्नाथकाका आयुष्यभर माणसांच्या पोटाचे डॉक्टर, आता रिटायर. गिरिजा या देशात नवीन होती तेव्हा यांच्याच घरी गणपतीला जेवली, तापात यांच्याच घरी झोपली. त्यामुळं काकूंना नाही म्हणायला तिची जीभ रेटत नाही.

"अगं, तुमच्याकडं गाय आहे, आणि आम्ही इतकी वर्षं वसुबारसेला चांदीच्या गाईवर भागवतोय," काकू म्हणाल्या. "या वर्षी सगळ्यांना घेऊन येते."

गिरिजानं परवानगी काढली. युनिव्हर्सिटीला पाहुणे आवडतात.

तिथी होती शुक्रवारी. पण शुक्रवारी ऑफिस. म्हणून पूजा शनिवारी. इकडं देवांनासुद्धा वीकेंडपर्यंत थांबायला लागतं. शनिवारी सकाळी गाड्यांची रांग लागली. पैठण्या, झब्बे, आणि गोठ्याचा नियम म्हणून प्रत्येकाच्या पायात निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. चालताना सगळ्यांचे पाय चुरचुर वाजत होते.

"गिरिजा, वासरू कुठाय?" काकूंनी आल्या आल्या विचारलं. "नुसती गाय कशी पुजायची? सवत्स लागते."

"काकू, इथं वासरं वेगळी ठेवतात."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तू बघत बसतेस?"

गिरिजा तडक वळली. डेलपाशी गेली. डेलनं डोकं खाजवलं, आणि माझी कालवड आणली. माझ्या पोरीनं मला ढुशी दिली आणि मला असा पान्हा फुटला की पायाखाली ओल झाली. लोक टाळ्या वाजवत होते, व्हिडिओ काढत होते. मला कुणी दिसत नव्हतं. कुंकू लावलं, हार घातला, पायावर पाणी घातलं, सगळं चालू द्या म्हटलं. माझी पोर पितेय.

एक बाई डेलला इंग्रजीत समजावत होती. "आज आम्ही दूध घेत नाही. आजचं दूध वासराचं."

"छान," डेल म्हणाला. "आणि उद्या?"

"उद्या घेतो."

"ओके," डेल म्हणाला.

काकू मात्र गिरिजाच्या कानाशी लागल्या. "चीक असेल ना गं अजून? थोडा दे की. खरवस करते."

"काकू, आज दूध चालत नाही म्हणालात ना?"

"आज कुठं खायचाय? फ्रीजरला टाकीन."

"नाही देता येत. नियम आहे."

"तुमचे नियम म्हणजे! वासरालाही नाही, माणसालाही नाही."

हे मात्र काकू खरं बोलल्या.

गिरिजानं सगळ्यांना बजावून सांगितलं होतं की नैवेद्य म्हणून प्रत्येकानं एकेक काडी गवत घालायचं, बाकी काही नाही. मग काकांनी तिला माझ्या खिडकीपाशी बोलावलं, ती पुरुषमंडळींना एन्झाइमचं सांगू लागली, आणि तिथून बाहेरची नवी इमारत दाखवायला घेऊन गेली. डेल कालवडीला परत न्यायला गेला. मी हंबरले. ती हंबरली. दार लागलं.

आणि मग डबे उघडले.

काडी गवतावर कुठल्या बाईचं समाधान होतं? पहाटे उठून रांधलेलं होतं सगळ्यांनी. बाजरीची भाकरी, गूळ, उडदाचे वडे, भाताचे मुटके, गुळाचे लाडू. काकूंची नात उर्वी कोपऱ्यात फोन घेऊन उभी होती. "आजी, इज दिस अलाउड?" तिनं विचारलं. "देवाला कसलं अलाउड," काकू म्हणाल्या. उर्वीनं खांदे उडवले आणि हॅलोवीनसाठी आणलेल्या गोळ्यांचं पाकीटही माझ्यापुढं रिकामं केलं.

मी खाल्लं. पोर नुकतीच नेलेली. तोंडाला काहीतरी हवं होतं. प्रत्येक जण 'थोडंसंच' म्हणत होता. अख्ख्या मंडळाचं थोडं थोडं केवढं होतं, ते मंडळाला कळत नाही. पोटाला कळतं.

दुपारी गाड्या गेल्या. काका-काकू तेवढे थांबले, गिरिजाला दिवाळीला घरी नेणार होते. ती कामं आटोपून निरोप घ्यायला आली आणि माझ्याकडं बघून जागीच थबकली. माझी रवंथ बंद होती. पुढ्यातला मुरघास तसाच.

तिनं माझ्या कानाला हात लावला. गार. उजव्या कुशीला नळी लावली. खूप वेळ ऐकलं. ऐकायला काही नव्हतंच.

"काकू, मावशीला काय घातलंत?"

"काय घातलं म्हणजे? नैवेद्य."

"किती?"

"नैवेद्य कुणी मोजतं का गं?"

"रत्ना," काका म्हणाले, "खरं सांग तिला. डबे सगळे रिकामे परत आलेत. मीच गाडीत ठेवलेत."

गिरिजा खालीच बसली. मग उठली, आणि मी तिला कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात बोलली. "एवढं गोड पहिल्या पोटात आंबलं की त्याचं ॲसिड होतं. ॲसिड चौथ्या पोटाला बधिर करतं. त्यात ही नुकती व्यालेली, हिच्यात कॅल्शियम नाही. तिचा स्नायू आधीच अर्धा झोपलाय, काकू! तुम्ही त्याला पूर्ण झोपवलात!"

"ओरडू नकोस. आमच्या गावाकडं पोळ्याला, वसुबारसेला घालतातच गाईला."

"त्या गाईला एका घरची पोळी मिळते. आणि ती डोंगरावर चरते. ही रोज डबा भरून दूध देते हो!" गिरिजानं हातमोजा ओढला. "झाकण काढते. सगळं बाहेर काढायचं."

"काय बाहेर काढायचं?"

"नैवेद्य."

काकू माझ्या खिडकीसमोर आडव्या उभ्या राहिल्या. पैठणीचा पदर खोचून, दोन्ही हात पसरून. "वेडी झालीस? एकदा दाखवलेला नैवेद्य परत काढतात का कधी? देवाच्या तोंडातून?"

"तोंडातून नाही, खिडकीतून," काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला सगळंच नळी घालून काढायची सवय."

मग त्यांनी नेपरव्हिलच्या गुरुजींना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मशीन बोललं, निरोप ठेवा. काकूंनी मशीनला सगळी हकीकत सांगितली, गाईचं पोट, खिडकी, मंडळ, आणि प्रायश्चित्त काय ते कळवा म्हणाल्या. गिरिजा "काकू, सरका" म्हणत रडत होती. माझ्या आत गूळ उकळत होता आणि उजवीकडं काहीतरी वर चढत होतं, श्वासाला लागत होतं. मी शेवटी जोर करून कण्हले. खोटं कण्हणं नव्हे ते. गुडघे वाकले माझे.

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं म्हणा ना. सकाळपासून हळद-कुंकू बघत होत्या.

"दे तो हातमोजा," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं गेलंय, माझ्याच हातानं निघेल."

बांगड्या काढल्या आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. त्या काढत होत्या, काका बादली धरत होते. गुळाचा चिखल, भाताचे गोळे, भाकरीचे तुकडे, एक चकचकीत कागद. मधेच काकू किंचाळल्या.

"हललं! गिरिजा, हललं गं! माझा हात आवळला हिनं!"

"ते पहिलं पोट, काकू," गिरिजा म्हणाली. "चौथं नाही."

काकूंचा हात तसाच आत राहिला. मग त्या पुन्हा काढायला लागल्या.

पहिलं पोट रिकामं झालं. आता राहिलं कॅल्शियम. बाटल्या समोरच्या भिंतीच्या कपाटात, काचेआड. मला दिसत होत्या. गिरिजानं तिच्या प्रोफेसरबाईंना फोन केला. इकडचं बोलणंच मला ऐकू आलं. हो, उभी आहे. नाही, ताप नाही. हो, 'नाही'वाल्या गटातली. हो, कळतंय, आधीच गाई कमी पडल्यात. हो, सकाळी रक्त घेऊन मग ठरवू.

"अगं, दे की बाटली," काका म्हणाले.

"काका, मी दिलं तर मावशी स्टडीतून बाद. आणि त्या म्हणतात, अजून वेळ आहे."

"तुला काय वाटतं?"

ती माझ्याकडं वळली. माझ्या गळ्यात हात टाकला आणि मला म्हणाली, "सकाळपर्यंत धीर धर, मावशी. धरशील ना?"

मी काय धरणार? टिळा लावणारी ती पेशीतली, आणि तिच्या दारावर कुणी थाप मारली नव्हती. कपाट बघत रात्र काढली मी. कशी काढली ते विचारू नका.

सकाळी मी उठले नाही. गिरिजा आली ती धावतच. मला बघितलं, आणि थेट कपाटाकडं गेली. फोन नाही, रक्त नाही, काही नाही.

"खड्ड्यात गेली स्टडी," ती म्हणाली.

या तिघांतलं कुणी काल नेपरव्हिलला गेलंच नव्हतं. काका-काकूही मोटेलातून आले होते. काकूंनी बाटली उंच धरली, गिरिजानं मानेच्या शिरेत सुई घातली आणि काका माझ्या छातीला नळी लावून 'हळू, हळू' म्हणत राहिले. कॅल्शियम आत आलं. मला कळलं. आधी कानात ऊब आली. मग अंगभर थरथर सुटली. मग उजवीकडं, खोल, दिसत नाही तिथं, एक दार वाजलं. टिळा लावणारी उठली. एक आवळ आली. बारीकशीच, पण माझी. मग दुसरी.

आणि मी शेण टाकलं.

तुम्ही हसाल. पण त्या शेणाला बघून तीन शिकलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. काकांनी दारात आलेल्या डेलशी हात मिळवला. काकू म्हणाल्या, "लक्ष्मी आली गं बाई!" गिरिजा माझ्या कपाळाला कपाळ लावून हसत होती आणि माझं नाक तिच्या अश्रूंनी भिजत होतं. मी उभी राहिले. चार घास खाल्ले. त्या तासाभरात मला वाटलं, जगते मी. पुढच्या खेपेची कालवडही डोळ्यापुढं आली. कुठून आणते बाई एवढी हाव?

मग कळ आली.

रात्रभर पोट फुगून वर चढलं होतं. सैल, जड, वायूनं भरलेलं. ते आता स्वतःभोवतीच फिरलं. गिरिजानं उजव्या बरगड्यांवर बोटानं टिचकी मारली आणि नळीतून ऐकलं. टण्ण. घट्ट भरलेल्या चेंडूवर मारावी तशी. तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं, हा आवाज तिला नको होता.

डॉक्टर आला. त्यानं हात घालून पाहिलं. मग तिघं बाहेर गेले, ते अजून तिथंच...

थांबा. आले.

डेलनं डोक्यावरची टोपी काढलीय. डॉक्टर माझ्याकडं न बघता पेटी उघडतोय. गिरिजा माझ्या तोंडापाशी बसली.

"मावशी, पीळ पडलाय गं. ऑपरेशन तुला झेपणार नाही म्हणतात."

काकू डॉक्टरावर धावून गेल्या. "माणसांची करता ना ऑपरेशनं? हिची करा! माझे मिस्टर डॉक्टर आहेत, विचारा त्यांना!"

काकांनी त्यांचा दंड धरला. "रत्ना, मी नळी लावून बघितलंय. नाही उपयोग. रक्तच पोचत नाहीय तिथं."

"काल पोचत होतं ना?"

"काल पोचत होतं."

काकू खाली शेणात बसल्या. पैठणीसकट. मला 'माझं चुकलं, माऊली' म्हणाल्या. मला माऊली म्हणू नका हो. माऊली म्हटलं की सगळ्यांचं सगळं पोटात घालावं लागतं. माझ्या पोटात आता जागा नाही.

गिरिजाच्या खिशातला फोन वाजला, प्रोफेसरबाईंचा. ती "हो मॅम" म्हणाली, "हो, लगेच घेते" म्हणाली, आणि माझ्याकडं बघेना.

"काय घेतेस?" काकूंनी विचारलं.

"मावशी गेल्याबरोबर चौथ्या पोटाची पट्टी कापून घ्यायची. जिथं अजून रक्त पोचतंय तिथली. अंगाइतक्या कोमट खारट पाण्यात आकड्याला टांगायची. वरून कॅल्शियम घातलं की ती आवळते." तिनं बाहीनं डोळे पुसले. "गाय गेल्यावरही थोडा वेळ पेशी निरोप ऐकतात, काकू."

"आणि तू हे करणार? हिला मावशी म्हणतेस, आणि कापणार?"

याचं उत्तर गिरिजानं द्यायला नको. मी देते.

करणार. करायलाच हवं. गिरिजा, मी तुला माफ केलं असं म्हणायला वेळ नाही आणि मनही नाही. बाटली कपाटात होती आणि तुला ठाऊक होतं. पण माझं पोट असंच खड्ड्यात पुरलं तर पुढच्या व्यालेल्या गाईलाही कुणीतरी 'सकाळपर्यंत धीर धर' म्हणेल. ते मला नको. पट्टी टांग. मनगट धरणारी ती तिसरी शोध. आणि तुझ्या इंग्रजीत लिही, की हिला वेळेवर दिलं असतं तर ही हलली असती. तस्संच लिही, गोलगोल नको.

आणि तुम्ही, हात जोडणाऱ्यांनो. पुढच्या वर्षी कुठल्या गाईपाशी गेलात, तर हात जोडा, काडी गवत घाला आणि तिच्या वासराला सोडा. डबे घरी ठेवा. तुमच्या मनाचं समाधान तिच्या पोटात कोंबू नका.

कायमचं झोपवायची सुई लागली. जातेय मी. गिरिजा, रडत बसू नकोस, ऊठ. ते पाणी कोमट कर. गार पाण्यात मी हलायची नाही.